मधल्या सीटवरची झोप

नाउम बोशेव विमानात कधीच झोपत नसे. शेजाऱ्यालाही झोपू देत नसे. स्वीडनमधल्या माल्मोहून मायदेशी ओहरिडकडे निघालेलं विमान ढगांच्या वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते थेट चाकं जमिनीला टेकेपर्यंत. बैल विकायला गेलेला मामा बैलासकट जत्रेत कसा हरवला. गोदीतल्या स्वीडिश मुकादमाला आयवार, म्हणजे भाजलेल्या गोड मिरच्यांची चटणी, म्हणून निव्वळ तिखटजाळ मिरची कशी चारली. कुठल्या हिवाळ्यात प्रेस्पाचं तळं इतकं गोठलं की नवरीची वरात बर्फावरून गेली. गोष्टी त्याच असत. ऐकणारे बदलत. चाकं टेकली की पहिली टाळी नाउमची, आणि मग सगळं विमान टाळ्यांनी भरून जाई.

लोक म्हणत, "नाउम म्हणजे रेडिओ. फक्त याला बटण बसवायचं राहून गेलं."

तोही हसे. त्याला बोलायची हौस आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. खरं कारण एकट्या पांदिलला माहीत होतं. नाउमला झोपेची भीती वाटत असे. माणसांतल्या झोपेची.

तो घोरत असे.

घोरतात तसे पुष्कळजण. नाउमचं वेगळं होतं. आधी कुणीतरी जड कपाट ओढत नेतंय असं वाटे. मग ते कपाट जिन्यात अडके. मग बराच वेळ काहीच नाही. ऐकणारा सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात कपाट जिन्यावरून गडगडत खाली येई. हे वर्णन पांदिलचं. पांदिल त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा, आणि बराकीत त्याच्या शेजारच्या खाटेवरचा.

विशीत असताना दोघं सफरचंदांच्या बागा सोडून माल्मोच्या गोदीत जहाजं जोडायला आले. नाउम वेल्डर झाला. बराकीत एका खोलीत चार खाटा होत्या. पहिल्या काही रात्री बाकीच्या तिघांनी जिभेने टक्‌ टक्‌ करून पाहिलं. आमच्याकडे घोरणाऱ्याला असंच थोपवतात, घोड्याला थोपवावं तसं. घोडा थांबतो. नाउम थांबत नसे. मग शिट्ट्या झाल्या. मग मोजे फेकून झाले.

एका सकाळी नाउमला जाग आली ती उबेने. डोळे उघडले तर समोर बॉयलर. तिघांनी त्याला खाटेसकट उचलून, अंगण ओलांडून, बॉयलरच्या खोलीत आणून ठेवलं होतं. त्याला पत्ताही लागला नव्हता. खाटेखाली त्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. चपला आणायची आठवण पांदिलला झाली होती.

न्याहारीला तो जेवणघरात शिरला तेव्हा सगळी बराक टाळ्या वाजवत होती. नाउमने छातीवर हात ठेवला आणि नाटकातल्या राजासारखा कमरेत वाकला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. पण खाट त्याने परत खोलीत नेली नाही. ती बॉयलरपाशी राहिली. तोही राहिला.

त्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी जाण्यासाठी कामगारांनी मिळून विमान ठरवलं. नाउम पहिल्यांदाच विमानात बसत होता. यंत्रांची घरघर बॉयलरसारखीच होती. त्याला झोप लागली, आणि जाग आली ती टाळ्यांनी. सगळीकडे टाळ्या. सगळ्यांची तोंडं हसरी. शेजारी पांदिलही दात काढून टाळ्या पिटत होता. वैमानिकाने सुखरूप जमिनीवर उतरवलं म्हणून आपली माणसं टाळ्या वाजवतात, हे नाउमला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, पुन्हा तेच. तो उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि वाकला.

मग मात्र सगळं विमान खरंच हसलं.

"अरे, त्या टाळ्या वैमानिकाला होत्या," पांदिलने जिन्यावरून उतरताना समजावलं.

"पण हसले ना?"

"तू वाकलास म्हणून हसले. कुणीही हसेल. मीही हसलो."

"म्हणजे हसले," नाउम म्हणाला.

त्यानंतर तो माणसांत झोपला नाही. विमानात तर नाहीच. पांदिल त्याच्या शेजारी बसे. नाउमची गोष्ट रेंगाळायला लागली, एकच वाक्य दोनदा आलं, की पांदिल त्याच्या मांडीला चिमटा काढी. खिशात वाळलेली लाल मिरची ठेवायची युक्तीही पांदिलचीच. डोळे जड झाले की दाताने टोक तोडायचं. नाउमच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि लोकांना वाटायचं, मामाच्या बैलाची गोष्ट सांगताना याला अजून भरून येतं. आणि चाकं टेकली की पहिली टाळी नाउमची. मी जागा आहे, एवढंच त्याला सांगायचं असे.

गावीही तसंच. दफिनाशी लग्न झालं तेव्हा घर भरलेलं होतं. आई, वडील, धाकटा भाऊ, त्याची बायको. भिंती पातळ. काही रात्री जागून काढल्यावर नाउमने आपली खाट अंगणापलीकडच्या सफरचंदांच्या कोठारात नेली. म्हणाला, राखण करायला हवी. गावात प्रत्येकाच्या घरी आढ्यापर्यंत सफरचंदं होती. चोरणार कोण?

दफिनाने एकदाच विचारलं. "माझ्या अंगाला वास येतो का?"

"नाही गं. काहीतरीच काय."

"मग सफरचंदांच्या अंगाला असं काय येतं?"

नाउमने हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. दरवर्षी तो सुट्टीला येई, तेव्हा कोठारातल्या खाटेवर धुतलेली चादर घातलेली असे. एवढंच. तिने पुन्हा विषय काढला नाही. सासू म्हातारी होती, बाग होती, मुलगी शाळेत होती. दफिना गावात राहिली आणि नाउम माल्मोत. गोदी बंद पडली. मग तो शाळांचे बॉयलर आणि नळ दुरुस्त करायला लागला. बॉयलर त्याला चांगले कळत.

त्या दिवसांतली विमानं आठवली की त्याला अजून बरं वाटे. माल्मोला जाताना आयवारच्या बरण्या, चीज, सफरचंदं. परत येताना कॉफीची पुडकी, लाकूड कापायची यंत्रं, एकदा तर कुणाच्या तरी मांडीवर अख्खं झुंबर. मधल्या वाटेत माणसं उभी राहून सॉसेज कापत, राकिया दारूची बाटली पुढून मागे आणि मागून पुढे जाई. हवाईसुंदरी आधी विनवायची, मग रागवायची, मग मुकाट्याने स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसायची. एवढ्या गोंधळात ज्याला झोप लागेल त्याला मात्र सांभाळत. ह्या बाबतीत पांदिल फार कडक होता. झोपलेल्याच्या डोक्यावरची वाऱ्याची भोकं आधी बंद करायची, कारण वाऱ्याचा झोत आमच्या लोकांना लांडग्यापेक्षा वाईट. त्याच्या वाटचं जेवण मागून घेऊन आपल्या मांडीवर राखायचं. त्याचं डोकं खांद्यावर आलं तर येऊ द्यायचं. बाई असेल तर तिच्या माणसाकडे एकदा बघून घ्यायचं. आणि आपण हलायचं नाही. अंग आखडलं तरी नाही.

नाउम हे सगळं पाळत असे. त्याने तोंड उघडायच्या आधी जो झोपला, तो वाचला.

पांदिल गेला त्याला दोन हिवाळे झाले होते. त्याच्याबरोबरच्या शेवटच्या प्रवासात मात्र तो वेगळंच बोलला होता. मांडीला चिमटा काढायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"एकदा झोपून बघ रे, नाउम. काय होईल?"

"हसतील."

"कोण हसतील? हसणारे सगळे मेले. मी एकटा उरलोय आणि मला आता ऐकू येत नाही."

नाउमने तेव्हाही मिरचीचं टोक तोडलं.

यंदा सप्टेंबरात तो कायमचा परत निघाला. आठवडाभर आधी दफिनाचा फोन आला.

"कोठार दिलंय मी," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तुझ्या पुतण्याला. सफरचंदं निवडायचं यंत्र घेतलंय त्याने. ते तिथे बसवलंय."

"आणि माझी खाट?"

"खाट घरात."

"घरात कुठे?"

"घरात म्हणजे घरात, नाउम. भिंती असतात, छप्पर असतं, एक बाई असते."

नाउमने फोन दुसऱ्या कानाला नेला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग ये," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर नाउमला दुसरं काही सुचेना. वडिलांची जुनी खोली रिकामी होती, पण तीही घरातच. गोठा पाडला होता. पुतण्याचं घर भिंतीला भिंत लागून. नवं बिऱ्हाड मांडणाऱ्या पोरासारखा तो मनातल्या मनात खाट ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत राहिला. एवढ्या वर्षांत बायकोने आपली झोप ऐकली नाही. आता म्हातारपणी ऐकायची. तिने भिंतीपलीकडून टक्‌ टक्‌ केलं तर काय करायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री रिकाम्या खोलीत तो बॅगेवरच बसून राहिला. पलंग कुणालातरी देऊन टाकला होता. सकाळी विमानात चढला तेव्हा पापण्यांत वाळू होती.

जागा मधली मिळाली. खिडकीशी एक तरुण मुलगी, कानांवर मोठे हेडफोन. नाउमने बसता बसता विचारलं, "कुठली गं तू, पोरी?"

तिने एका कानावरचा हेडफोन उचलला. "बितोलाची, काका."

"नाव?"

"बिसेरा."

"काय करतेस माल्मोत?"

"बेकरीत आहे."

"बेकरीचं शिकलीस?"

"साहित्य शिकले."

"मग पाव तरी फुगतात का?"

"फुगतात की. मी काय शिकले ते त्यांना माहीत नसतं."

नाउमला बरं वाटलं. ही ऐकेल. मामा आणि बैल तोंडाशी आले. पण मुलीने छान हसून हेडफोन पुन्हा कानावर ठेवला आणि डोळे मिटले. तिचंही चुकलं नव्हतं. हल्ली शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही म्हणजे त्याच्याकडे बघायचं नाही, अशी रीत आहे. पुढे-मागे सगळीकडे तशीच डोकी होती. कुणी सॉसेज कापत नव्हतं.

दुसऱ्या बाजूला, वाटेच्या कडेला, काळी शाल पांघरलेली एक भरदार म्हातारी येऊन बसली. लोझाना तिचं नाव. तिचा नवरा स्पासे वाटेच्या पलीकडे. हिच्याशी बोलता येईल, असं नाउमला वाटलं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, पुन्हा केली, सीटचा हात घट्ट धरला. विमान अजून वर चढतच होतं आणि तिचं डोकं नाउमच्या खांद्यावर आलं.

नाउमने रीतीप्रमाणे तिच्या माणसाकडे पाहिलं.

"राहू द्या," स्पासे म्हणाला. "विमानाला घाबरते. गोळी घेतलीय."

"माझी काही हरकत नाही. तुम्हाला..."

"आयुष्यभर माझ्याच खांद्यावर आहे. आज जरा सुटी मिळू द्या माझ्या खांद्याला."

नाउमने मोकळा हात सावकाश वर नेला आणि लोझानाच्या डोक्यावरची वाऱ्याची भोकं फिरवून बंद केली. मग आपल्या डोक्यावरची. हात खाली घेताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण अडकलो. बोलावं तर म्हातारी जागी होणार. उठून चार पावलं टाकावीत तर जागी होणार. खिशातली मिरची त्याने दोन बोटांनी काढली, पण दाताखाली धरायचा धीर होईना. ठसका लागला तर तिचं डोकं खांद्यावरून उडेल. त्याने ती मुठीत धरून ठेवली.

म्हातारीच्या केसांना धुराचा आणि साबणाचा वास येत होता. शालीची ऊब हळूहळू त्याच्या दंडात उतरत होती. यंत्रांची घरघर बॉयलरसारखीच होती.

त्याने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. पांदिलचा लागायचा तसा तो लागला नाही. त्याने समोरचं आणीबाणीचं पत्रक वाचलं, चित्रातल्या माणसाने जाकीट कसं घातलंय ते पाहिलं. मग आपण जोडलेल्या जहाजांची नावं आठवायला सुरुवात केली. पहिल्या जहाजाच्या तळाशी त्याने आतल्या बाजूने प्रेस्पा असं लिहून वर रंग मारला होता. पांदिलने पाहिलं होतं आणि म्हणाला होता, आता तळं समुद्रात निघालं. दुसऱ्या जहाजाचं नाव एका राणीचं होतं. तिसऱ्याचं आठवेना.

तो आठवत राहिला.

जाग आली ती शांततेने.

इतकी शांतता नाउमने विमानात कधी ऐकली नव्हती. घरघर नव्हती. खिडकीबाहेर डोंगर होता आणि तो हलत नव्हता. माणसं वाटेत उभी होती, बॅगा छातीशी धरून, आणि कुजबुजत होती, जशी आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. त्याचं डोकं कशावर तरी टेकलेलं होतं. काळ्या शालीवर. त्याने मान उचलली. लोझाना ताठ बसली होती, पुढे बघत.

"उतरलो?" नाउम म्हणाला. त्याचा घसा कोरडा होता.

"उतरलो, काका," बिसेरा म्हणाली. तिचे हेडफोन गळ्यात होते. "मघाशीच."

"आणि टाळ्या?"

तिने लोझानाकडे पाहिलं. नाउमने पुन्हा विचारलं, "टाळ्या वाजल्या ना?"

"पुढच्या रांगांत सुरू झाल्या होत्या. ह्या मावशींनी हात वर केला. मग थांबल्या."

"का?"

लोझानाने मान चोळत त्याच्याकडे पाहिलं. "का म्हणजे? तुम्ही झोपला होतात."

नाउमने खाली पाहिलं. त्याच्या अंगावर कुणाचा तरी कोट होता. बिसेराच्या समोरच्या फळीवर पाण्याचा पेला आणि कागदात गुंडाळलेलं सँडविच होतं, तिने हातही न लावलेलं.

"ते तुमचं," ती म्हणाली. "विकायला आले होते. किती वेळाने उठाल ते कळेना, म्हणून घेऊन ठेवलं."

"मी..." नाउमने आवाज खाली आणला. "मी घोरलो?"

वाटेपलीकडून स्पासेने उत्तर दिलं. "घोरलात? ट्रॅक्टर घाट चढतो तसे. चढता चढता बंदही पडत होतात. मला तर वाटलं, उतरून धक्का मारावा."

"मग उठवलं का नाही?"

"पुढच्या त्या टकल्याने सांगितलं होतं, याला उठवा म्हणून," लोझाना म्हणाली. "मी म्हटलं, तुला नको असेल तर तू उतर. आधी माझं डोकं ह्यांच्या खांद्यावर होतं. हे हलले का? मग ह्यांचं माझ्यावर आलं तर मी हलू?"

"तू तर कानात घालून बसली होतीस," नाउम बिसेराला म्हणाला. का कोण जाणे, त्याला प्रत्येकाची साक्ष हवी होती.

"आवाज वाढवून बघितला. तुमचाच जास्त होता. मग म्हटलं, तुम्हालाच ऐकू."

नाउम थांबला. आता हसतील. चाळीसहून जास्त वर्षं तो ह्याच क्षणासाठी जागा राहिला होता. छातीवर हात न्यायला तो अर्धवट उठलाही. वाटेतून माणसं पुढे सरकत होती. ज्यांनी त्याची झोप ऐकली होती ती माणसं. एका बाईने जाता जाता मान हलवली. एक उंच पोरगा, ज्याचा तो कोट होता, आपला कोट उचलून घेताना म्हणाला, "झोप झाली का, काका?"

"झाली," नाउम म्हणाला.

तो टकला माणूसही गेला. त्याने नाउमकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "सुखरूप पोचा."

कुणी हसलं नाही. नाउमचा वर आलेला हात तसाच राहिला. मग त्या हाताने त्याने लोझानाची पिशवी वरून काढून दिली.

मूठ उघडली तर मिरची अजून होती, घामाने मऊ पडलेली. त्याने ती बिसेरापुढे धरली.

"घे."

"हे काय?"

"झोप येऊ नये म्हणून. टोक तोडायचं."

"मग तुम्हाला?"

"मला आता काय करायचीय," नाउम म्हणाला, आणि वाटेतल्या माणसांमध्ये शिरला.

दफिना बाहेर पुतण्याच्या गाडीपाशी उभी होती. तिने डोक्याला नवा रुमाल बांधला होता. गालाला गाल लावून झाल्यावर तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"हे गालावर काय उमटलंय?"

नाउमने गाल चाचपला. शालीची वीण होती, ओळीने.

"झोपलो होतो."

"कुठे?"

"विमानात. सगळ्यांच्यात."

दफिनाने हनुवटी सोडली नाही. "तू?"

"मधल्या सीटवर."

"आणि?"

"म्हणाले, ट्रॅक्टर." नाउमने बॅग खाली ठेवली. "दफिना, कोठारात मी सफरचंदांसाठी नव्हतो झोपत."

"हे सांगायला इतकी वर्षं लागली तुला," ती म्हणाली. "तुझा ट्रॅक्टर कोठारातूनही ऐकू यायचा. सगळ्या गावाला. तुझी सुट्टी संपली की सासूबाई म्हणायच्या, आता किती शांत झालं, आणि रडायच्या. चल, बस गाडीत. मिरच्या भाजायच्या राहिल्यात."

डोंगराच्या वळणांवर नाउम एक शब्द बोलला नाही. पुतण्याने दोनदा आरशातून पाहिलं. काकाला बरं नाही की काय, असं त्याला वाटलं असावं.

खाट आतल्या खोलीत होती, खिडकीखाली. धुतलेली चादर, आणि शेजारी दफिनाची खाट, मध्ये हातभर जागा. दुपार होती. अंगणात पत्र्याच्या शेगडीवर लाल मिरच्या भाजत होत्या, जावा जावा सालं काढत बसल्या होत्या आणि तो वास खिडकीतून आत येत होता. नाउमने दाराकडे पाहिलं. लावून घ्यावं का? मग बूट काढले आणि दार तसंच उघडं ठेवून आडवा झाला.

डोळा लागला. स्वतःच्याच पहिल्या घोरण्याने त्याला जाग आली. कपाट जिन्यावरून खाली आलं होतं. बाहेर भावाच्या बायकोचे हात थांबले.

"अगंबाई, हे घरातून?" ती म्हणाली.

"नाउम," दफिना म्हणाली. "आलाय."

नाउम वाट बघत राहिला, सवयीने. टक्‌ टक्‌ आलं नाही. हसूही आलं नाही. शेगडीवर कुणीतरी मिरची उलटी केली आणि तिचं साल चरचरलं. मग बायका पुन्हा कुणाच्या तरी लग्नाचं बोलायला लागल्या. बोलताना त्यांनी आवाज जरासा खाली घेतला होता.

त्याने कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा डोळे मिटले.